सशाचा धनी कोण?

एखाद्याचा बैल शेजाऱ्याच्या शेतांत शिरून उभें पीक खाऊं लागला तर पुढें काय करावयाचें, हें आपल्या देशांत दीडशें वर्षांपूर्वींच ठरून गेलें आहे. १८७१ सालचा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा शेतकऱ्यास असें सांगतो कीं, बैल धरावा, चोवीस तासांच्या आंत कोंडवाड्यांत पोंचवावा, आणि मालकानें दंड व वैरणीचा खर्च भरल्यावांचून तो सुटूं नये. या व्यवस्थेंत आजवर कोणास अन्याय वाटला नाहीं. जनावर ज्याचें त्यानें तें आवरावें, न आवरेल तर झालेल्या नासाडीचा जबाब द्यावा, हा न्याय वकिलाच्या पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. तो गांवच्या गुराख्यासही ठाऊक असतो. परंतु त्याच शेतांत, त्याच रात्रीं, बैलाऐवजीं ससा शिरला, अथवा डोंगरांतून भेकर उतरलें, अथवा रानडुकरांच्या कळपानें बांध उकरून अर्धें शेत उलथें करून ठेविलें, तर मालक म्हणून कोणाचें दार ठोठवावयाचें? कोंडवाडा कोठें आहे? दंड कोणाकडून घ्यावयाचा? पेण व रोहें या दोन तालुक्यांतील लहान शेतकरी व बागाइतदार हा प्रश्न दरसाल विचारतात, आणि दरसाल त्यांस उत्तर मिळतें तें एवढेंच कीं, राखण चांगली करा.

या दोन तालुक्यांची ठेवणच अशी आहे कीं, रान आणि शेत यांच्यामध्यें हातभर अंतर राहूं नये. पेणचा पश्चिमेकडील भाग खारेपाटाचा, पूर्वेकडे डोंगर. रोहें कुंडलिकेच्या खोऱ्यांत वसलेलें, आणि तालुक्याच्या एका अंगास थेट मुरूडपर्यंत पसरलेलें फणसाडचें रान. हें रान एके काळीं जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें राखीव रान होतें. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. जेथें पूर्वीं एका घराण्यासच जनावर मारण्याचा हक्क होता तेथें आतां तो कोणासही नाहीं. हा बदल चांगलाच झाला, आणि त्याविरुद्ध आम्हांस एक अक्षरही लिहावयाचें नाहीं. लिहावयाचें आहे तें रानाच्या कडेला जो मनुष्य राहतो त्याच्याविषयीं.

भाताचें पीक कापलें कीं जमिनींत उरलेल्या ओलाव्यावर वाल टाकावयाचा, ही या भागाची जुनी रीत. पाटाचें पाणी नाहीं, खताचा खर्च फारसा नाहीं. थंडीच्या दंवावर पोसलेलें हें पीक गरीब कुळाचा हिंवाळा निभावून नेतें. वालाला चार पानें फुटतात त्याच सुमारास डोंगरावरचें गवत पिवळें पडूं लागतें. मैल अर्ध्या मैलाच्या वाळलेल्या रानांत हिरवा तुकडा काय तो एवढाच. ससा तेथें येणार नाहीं तर जाईल कोठें? पौषाच्या थंडींत मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगांची पोपटी लावणारे, व ती खावयास मुंबईहून पाहुणे बोलावणारे आमचे नगरवासी मित्र त्या शेंगा शिवारांतून बाजारांत कशा येतात याचा विचार क्वचितच करीत असतील. एका शेतकऱ्याचें नव्हे, त्याच्या घरांतील बायकामुलांचें पाळीपाळीनें झालेलें जागरण त्या मडक्यांत शिजत असतें. परसांतल्या वांगीं-मिरचीच्या वाफ्यांची, काकडीच्या वेलांची, आंब्याच्या नव्या कलमांची गोष्ट हीच.

शहरांतल्या मनुष्यास ससा म्हटला कीं पंचतंत्रांतला, सिंहास विहिरींत उडी घ्यावयास लावणारा चतुर ससा आठवतो, नाहीं तर पिंजऱ्यांतला पांढरा, तांबड्या डोळ्यांचा. यांपैकीं दुसरा मूळचा परदेशी जातीचा, बिळें करून समूहानें राहणारा. आमचा काळ्या मानेचा रानससा बीळ करीत नाहीं. दिवसा गवतांत किंवा करवंदीच्या जाळीच्या बुडाशीं अंगापुरती जागा दाबून तो निपचीत पडून राहतो, आणि दिवस मावळला कीं चरावयास निघतो. त्याचीं पिलें जन्मतःच केंसाळ व उघड्या डोळ्यांचीं असतात. त्यानें खाल्लेल्या झाडाची खूण जाणता माळी लांबून ओळखतो: कोंब तिरका, चाकूनें छाटल्यासारखा साफ कापलेला असतो. गुरानें ओढून तोडलेलें देंठ फाटकें दिसतें. रानडुकर माती उलथून जातें. साळिंदर कंद व मुळें पोखरतें. सशाचें खाणें पोटाच्या मानानें थोडेंच. मग एवढा आक्रोश कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, तो रोपाचा शेंडाच खातो, आणि तोही रोप दोन-चार पानांचें असतांना. तेवढें गेलेलें रोप बहुधा पुन्हां धरत नाहीं. आणि नवें बीं टाकावें तर तोंपर्यंत जमिनीचा ओलावा उडून गेलेला असतो. सशानें मूठभर पाला खाल्ला, पण शेतकऱ्याचा हंगाम गेला. नुकसानीचा पंचनामा करणारा मनुष्य पाल्याचें वजन पाहतो, हंगामाचें पाहत नाहीं. येथेंच पहिली चूक होते.

आतां कायद्याकडे वळूं. १८७८ या एकाच सालीं, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत, हिंदुस्थानासाठीं दोन कायदे झाले. एक शस्त्रांचा व दुसरा जंगलांचा. पहिल्यानें शेतकऱ्याच्या हातची बंदूक परवान्यावांचून गुन्ह्याची ठरविली. दुसऱ्यानें त्याच्या शेताला लागून असलेलें रान राखीव करून घेण्याची सरकारची वाट मोकळी केली. म्हणजे जनावरें जेथून येतात तें रान सरकारचें, आणि तीं हांकून देण्याचें साधन सरकारच्या मर्जीवर. याच्या दोनच वर्षांनीं, १८८० सालीं, याच राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशांत काय झालें तें पाहावें. तेथें जमीनदार शिकारीच्या हौसेसाठीं ससे राखीत आणि कुळांचीं पिकें ते ससे खात. ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळानें कायदा करून प्रत्येक कुळास आपल्या कसण्याच्या जमिनीवर ससे मारण्याचा हक्क दिला. आणि खुबी अशी कीं, जमीनदारानें करार लिहून घेऊन तो हक्क काढून घेतला तर तो करारच रद्द समजावा, अशी तजवीज त्यांत केली. इंग्लंडांतील कुळाचा कोबी वांचविण्यासाठीं पार्लमेंट जागें झालें. कुलाबा जिल्ह्यांतील कुळाच्या वालासाठीं तें झोंपलेंच राहिलें. रानावरील हक्काच्या या रागाचेंच एक टोंक म्हणजे चिरनेरचा जंगल सत्याग्रह. पेणच्या शेजारच्याच उरण तालुक्यांत २५ सप्टेंबर १९३० रोजीं त्या सत्याग्रहांत गोळीबार झाला व माणसें मेलीं, हें या जिल्ह्यांतील वाचकांस नव्यानें सांगणें नको.

पण परक्यांचे दोष मोजतांना एक गोष्ट झांकून ठेवणें आमच्या प्रामाणिकपणास शोभणार नाहीं. १९१२ सालीं परकी सरकारनेंच वन्य पक्षी व प्राणी यांच्या रक्षणाचा जो कायदा केला त्यांत सशाचेंही नांव होतें. आणि त्याच कायद्यांत, आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठीं खऱ्या हेतूनें कोणी असें जनावर मारलें तर त्यास हा कायदा लागूं नाहीं, असा अपवादही होता. स्वराज्यांत, १९७२ सालीं, आपल्याच लोकसभेनें जो वन्यजीव संरक्षणाचा कायदा केला त्यांत स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं मारणें तेवढें माफ राहिलें. मालमत्तेचें नांव त्या माफींतून गळालें. उभ्या पिकास धोकादायक झालेल्या जनावराबद्दल परवाना मागण्याची सोय अकराव्या कलमांत आहे; पण ती परवान्याची, हक्काची नव्हे. शिकार या शब्दाची व्याख्या त्या कायद्यांत इतकी ऐसपैस आहे कीं, फांसा लावणें, सापळा मांडणें, विष घालणें यांबरोबरच हांकणें हाही शब्द तींत येऊन बसला आहे. शिकारीसाठीं हांका घालणें एवढाच त्याचा अर्थ घेतला पाहिजे, हें कोणताही समंजस न्यायाधीश मान्य करील. तथापि काठी घेऊन परसांतला ससा हुसकणाऱ्या म्हाताऱ्यानें व्याख्या वाचूं नये हें बरें! शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. दंडाची मर्यादा २०२२ च्या दुरुस्तीनें पंचवीस हजारांवरून एक लाखावर गेली. शस्त्रांच्या १९५९ च्या कायद्यांत तर अजून मौज आहे. पीक राखण्यासाठीं तोंडानें भरावयाच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद त्यांत स्पष्ट आहे. परंतु बंदूक मिळाली तरी ज्या जनावरापासून पीक राखावयाचें तें मारण्यास दुसरा परवाना लागतो. तोंवर बंदुकीचा उपयोग आवाजापुरता, आणि तेवढ्यासाठीं डबा बडविणें स्वस्त पडतें.

या कायद्याचें एकूणचाळिसावें कलम आमच्या मतें सर्वांत बोलकें आहे. रीतसर परवान्यानें मारलेला, चुकून मेलेला किंवा मेलेला सांपडलेला वन्य प्राणी राज्य सरकारची मालमत्ता होय, असें तें सांगतें. म्हणजे ससा मेला कीं त्याला धनी आहे; जिवंत आहे, चरतो आहे, तोंवर त्याच्या नासाडीचा जबाब देणारा धनी नाहीं. मालकीचा लाभ घेतांना सरकार पुढें येतें आणि मालकीचा भार उचलण्याच्या वेळीं अदृश्य होतें, ही रीत एखाद्या सावकारानें चालविली असती तर आपण तिला काय नांव दिलें असतें?

येथें कोणी असा समज करून घेऊं नये कीं आम्ही शेतकऱ्याच्या हातीं पुन्हां बंदूक द्या असें म्हणतों. तें आम्हांस मान्य नाहीं. १९७२ चा कायदा झाला तो कोणाच्या लहरीनें झाला नाहीं. चित्ता या देशांतून नाहींसा झाल्याचें १९५२ सालींच जाहीर झालें होतें, आणि वाघही त्याच वाटेनें जाऊं लागले होते. शिवाय मारण्यानें हा प्रश्न सुटतो हें म्हणणेंही अनुभवास धरून नाहीं. डोंगर जोंवर सुका आणि शेत जोंवर हिरवें व उघडें, तोंवर एक ससा मारला कीं त्याची जागा दुसरा घेतो. केंद्र सरकारनें ठराविक मुदतीपुरतीं कांहीं जनावरें उपद्रवी ठरवून मारण्यास मोकळीक दिल्याचीं उदाहरणें आहेत. २०१५ सालीं बिहारांत रोही व रानडुकर, २०१६ सालीं उत्तराखंडांत रानडुकर व हिमाचलांत माकड. मुदती संपल्या, आणि गाऱ्हाणीं राहिलीं. ऑस्ट्रेलियांत १८५९ सालीं एका हौशी गृहस्थानें शिकारीसाठीं परदेशी ससे आणून सोडले. पुढें ते इतके माजले कीं पश्चिमेकडील प्रांतास १९०१ ते १९०७ या सात वर्षांत तीन हजार कि.मी.हून अधिक लांबीचें तारेचें कुंपण घालावें लागलें. आमचा ससा तसा उपरा नव्हे, तो या रानाचाच आहे, आणि त्याची संख्या राखणारे कोल्हे व बिबटे अगदींच संपलेले नाहींत. तेव्हां त्या खंडाची भीति येथें घालण्याचें कारण नाहीं; मात्र तेथील सरकारनें कुंपण हें आपलें काम मानलें, एवढें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

सरकार येत नाहीं आणि कायदा हात बांधतो, अशा कोंडींत सांपडलेला मनुष्य जे उपाय शोधतो ते भयंकर आहेत. घरांतली वीज उघड्या तारेंत सोडून तार शेताभोंवतीं ताणणें. कणकेच्या गोळ्यांत स्फोटक भरून ठेवणें. दुचाकी गाडीच्या तारेचा फांसा वाटेवर लावणें. हीं तिन्ही कृत्यें आमच्या कोंकणांत घडतात, आणि तीं करणारा मनुष्य बहुधा गुन्हेगारी वृत्तीचा नसतो, जागरणानें कंटाळलेला असतो. परंतु तारेंतली वीज ससा आणि माणूस ओळखत नाहीं. रात्रीं रानडुकरासाठीं सोडलेली ती पहाटे पाणी लावावयास गेलेल्या शेजाऱ्याचा प्राण घेते. गावठी गोळ्यानें गाईचा जबडा फुटतो. सशाच्या वाटेवरच्या फांशांत बिबट्या अडकतो, आणि मग वनखात्याचें सारें मनुष्यबळ गांवांत उतरतें. तेंच आधीं सशासाठीं आलें असतें तर फांसाच लागला नसता. हें कांहीं असलें तरी या मार्गाचें समर्थन होऊं शकत नाहीं. शेजाऱ्याचा जीव आणि चार वाफे भाजी यांची तुलना करण्याची वेळ ज्यानें आणली त्यानें न्यायालयांत दारिद्र्याची सबब सांगून उपयोग नाहीं. आम्हीं त्या जागीं वकील म्हणून उभें राहिलों तरी ती चालणार नाहीं.

न्हाव्याच्या दुकानांतले केंस आणून पसरणें, फिनेलच्या चिंध्या बांधणें, जुन्या लुगड्यांचा आडोसा करणें, बुजगावणें उभारणें, हे उपाय निरुपद्रवी आहेत आणि चार-आठ दिवस चालतात. नवव्या दिवशीं ससा बुजगावण्याच्या सावलींत चरतो.

मग खरा उपाय कोणता? कुंपण, आणि तें सशासाठीं वेगळें, डुकरासाठीं वेगळें. सशापुरतें पाहिलें तर काम अवघड नाहीं. एक इंची भोंकांची कोंबडजाळी तीन फूट रुंदीची घ्यावी, खालचा अर्धा फूट बाहेरच्या अंगास वळवून मातींत दाबावा, वर अडीच फूट राहील. ससा बीळ करणारा नसला तरी सैल जाळीखालून डोकें घालून शिरतो, म्हणून ही दाबलेली पट्टी महत्त्वाची; ती जेथें वगळली जाते तेथें पैसे पाण्यांत जातात. भोंकें दोन इंचांचीं असलीं तर पिलूं आरपार जातें. आंब्या-काजूच्या नव्या कलमांच्या बुंध्यांस गुडघाभर उंचीपर्यंत जाळी अगर बांबूच्या कामट्यांचें वेष्टन घातलें कीं साल वांचते. आमच्या वाडवडिलांची कांट्यांची वई, शेराचें, निवडुंगाचें वा मोगली एरंडाचें जिवंत कुंपण हीं चांगलींच आहेत. परंतु तीं गुरांसाठीं आंखलेलीं. त्यांच्या बुडाशीं जी मोकळी जागा राहते तेथून ससा सुखानें ये-जा करतो. वईच्या आंतून जाळी लावावी, म्हणजे दोघांचाही बंदोबस्त होतो. रानडुकरास मात्र ही जाळी कागदासारखी. त्यास सौर विजेचें, क्षणिक झटका देणारें, जीव न घेणारें कुंपण लागतें, आणि अभयारण्यालगतच्या गांवांस त्यासाठीं साहाय्य देणारी सरकारी योजना आहे. (जाळी विकणारे आमचे पेणचे व्यापारी मित्र या लेखाबद्दल आम्हांस अडत देऊं करणार नाहींत अशी आशा आहे.)

अडचण खर्चाची, आणि त्याहून मोठी अडचण एकटेपणाची. व्यापारी वाचकांस हिशेब आवडतो, म्हणून हिशेबच मांडतों. चार गुंठ्यांचा चौरस मळा घेतला तर त्याची बाजू सहासष्ट फूट, घेर दोनशें चौसष्ट फूट. असे दहा मळेवाले आपआपल्या मळ्यास वेगवेगळी जाळी लावतील तर लागेल दोन हजार सहाशें चाळीस फूट. तेच दहा मळे एकास एक लागून असतील आणि सर्वांनीं मिळून त्या चाळीस गुंठ्यांस एकच कुंपण घातलें, तर घेर सुमारें आठशें पस्तीस फूट. तिसऱ्या हिश्शाहून कमी! शेतांचे आकार कागदावरच्या चौरसासारखे नसतात हें खरें, पण फायद्याची दिशा तीच राहते. असें असतां दहा मळेवाले दहा कुंपणें घालतात, किंवा अधिक खरें सांगावयाचें तर एकही घालीत नाहींत, याचें कारण बांधाचे तंटे. ज्यांचे आजे एकमेकांविरुद्ध हातभर जमिनीसाठीं कोर्टांत गेले त्यांचे नातू एका जाळीचा खर्च वांटून घ्यावयास तयार नसतात. आमच्या धंद्यास या तंट्यांपासून लाभ झाला आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. म्हणूनच आम्हीं सांगितलेलें लोकांनीं ऐकावें. रस्ता, विहीर, शाळा हीं गांवाची कामें मानलीं जातात. शिवाराच्या रानाकडील बाजूचें कुंपण हेंही ग्रामपंचायतीच्या आराखड्यांतलें काम मानलें पाहिजे, आणि ज्या खात्याचीं जनावरें त्या रानांतून येतात त्या खात्यानें त्याचा मोठा हिस्सा उचलला पाहिजे. सगळ्या शिवारास वेढा घाला असें आम्ही म्हणत नाहीं. तसें केल्यास जनावरांच्या पाण्याच्या वाटा बुजतील. ओहोळ व वहिवाटीच्या वाटा मोकळ्या ठेवून पिकाच्या तुकड्यांस वेढावें.

कुंपण होईपर्यंतच्या भरपाईचें काय? महाराष्ट्रांत वन्य प्राण्यांमुळें पिकाची हानि झाल्यास वनखातें पैसे देतें. आणि ज्या प्राण्यांबद्दल तें देतें त्यांत रानडुकर, हरिण, रानगवा, रोही, माकड व वन्य हत्ती हीं नांवें आहेत. ससा नाहीं. कोंकणांतील बागेस हत्तीबद्दल भरपाईची सोय आहे, पण रायगड जिल्ह्यांतील शेतकऱ्यास हत्ती पाहावयाचा तर सर्कशींतच पाहिलेला असतो. आणि जो ससा रोज रात्रीं त्याच्या वाफ्यांत येतो त्याच्याबद्दल मागितलेली भरपाई म्हणजे अक्षरशः सशाचें शिंग! ही यादी कोणीं व कोणत्या अनुभवावरून केली असेल ती असो. मारण्यास बंदी असलेलें आणि पीक खाणारें कोणतेंही जनावर तींत असलें पाहिजे, याहून वेगळें तत्त्व न्यायास धरून होऊं शकत नाहीं. बंदीची यादी लांब आणि भरपाईची आंखूड, या दोहोंमधील जें अंतर तें शेतकऱ्याच्या खिशांतून भरलें जात आहे.

आणि त्यांतही सर्वांत अधिक भार ज्यांच्यावर पडतो त्यांस तर दारापाशींही उभें करीत नाहींत. डोंगरउतारावरच्या दळ्या पिढ्यान् पिढ्या कसणारे कातकरी व ठाकर रानाच्या सर्वांत जवळ आहेत. पहिला घांस जनावर त्यांच्या नाचणीचा व वरीचा घेतें. वनजमिनीवरील अतिक्रमणाच्या शेतीस भरपाई नाहीं, असा नियम आहे. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. तरीही ज्याचा दावा निकालांत निघाला नाहीं त्याची दळी कागदोपत्रीं अतिक्रमणच राहते. याच कातकऱ्यानें जाळें लावून ससा धरला तर तो वन्यजीव कायद्याखालीं आरोपी. सशानें त्याची दळी खाल्ली तर तो अतिक्रमक. कायद्याच्या दोन्ही पानांवर त्याचेंच नांव, आणि दोन्हीकडे तोच देणेकरी. ज्या समाजास सरकारच विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून गणतें त्याच्याशीं हा व्यवहार! पेण-रोह्याच्या सुशिक्षित वर्गांतील कोणीं तरी वकिलानें फी न घेतां असे चार दावे चालवून निकालांत काढावे. सभांतील ठरावांपेक्षां त्याचा उपयोग अधिक होईल.

नगरवासी मंडळी या प्रकरणांत निव्वळ प्रेक्षक आहेत असेंही नाहीं. रानससा चोरून विकत घेणारे शिकाऱ्याहून कमी दोषी नाहींत. गिऱ्हाईक शहरांत नसतें तर फांसा रानांत लागलाच नसता. माघ-फाल्गुनांत डोंगराला वणवा लावून द्यावयाचा, म्हणजे पुढच्या वर्षीं गवत चांगलें येतें, ही समजूत अजून पक्की आहे. त्या आगींत सशाचा आसरा व चारा दोन्ही जळतात आणि तो सरळ पाण्याच्या कांठच्या बागेंत उतरतो. होळीच्या दिवसांत पारधीला जाण्याची चाल धर्माची नव्हे, संवयीची आहे. ती सोडल्यानें कोणताही देव रागावणार नाहीं. आणि डोंगराच्या पायथ्याशीं एकरांनीं जागा घेऊन भोंवतीं उंच भिंत घालणारे मुंबईकर बंगलेवाले आपलीं फुलझाडें तर वांचवितात, पण जनावरांची जुनी वाट अडवून तीं शेजारच्या वालाच्या शेतांत लोटतात. त्यांनीं भिंतींत वाट ठेवावी अगर शेजाऱ्याच्या जाळीस वर्गणी द्यावी.

केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२५ मध्यें असें जाहीर केलें कीं, २०२६ च्या खरिपापासून पीकविम्यांत वन्य प्राण्यांनीं केलेली नासाडीही धरली जाईल. कोणते प्राणी व कोणते भाग धरावयाचे हें राज्यानें ठरवावयाचें, आणि शेतकऱ्यानें बहात्तर तासांत खबर द्यावयाची. ही संधि आहे. राज्याच्या यादींत ससा व साळिंदर यांचीं नांवें आणि पेण, रोहें या तालुक्यांचीं नांवें येतील असा आग्रह येथील आमदारांनीं धरला पाहिजे; यादी मुंबईंत होते आणि मुंबईंत ससा दिसत नाहीं. मात्र विमा उतरतो तो सरकारनें त्या त्या भागासाठीं ठरविलेल्या पिकांचाच. परसांतल्या वाफ्यांस तो पोंचणार नाहीं, म्हणून वनखात्याची भरपाईही सुटतां कामा नये.

यंदाचें भात कापून वालाचें बीं पडावयाच्या आंत जें होईल तेंच उपयोगाचें. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत रानाकडील कुंपणाचा ठराव प्रत्येक गांवानें मांडावा, त्यांत मळ्यांची नांवें व घेराचे फूट लिहावे, आणि ठरावाची नक्कल वनक्षेत्रपालाच्या कचेरींत देऊन तारखेसह पोंच घ्यावी. नासाडी झाली तर तीन दिवसांच्या आंत अर्ज करावा. तिरक्या कापलेल्या कोंबांचीं छायाचित्रें त्याच सकाळीं काढून ठेवावीं, कारण दुपारपर्यंत तीं सुकून जातात. यादींत ससा नाहीं म्हणून कारकुनानें अर्ज परत केला, तर तो तोंडी परत घेऊं नये. नाकारण्याचें कारण लेखी मागावें.